रिमोटच्या विमानांच्या कसरती : यंत्र सुधारलं, कस तोच

रेडिओवर चालणाऱ्या छोट्या विमानांच्या कसरतींची पहिली जागतिक स्पर्धा १९६० साली स्वित्झर्लंडमध्ये झाली. अमेरिकेच्या एड काझ्मिर्स्कीनं ती 'ओरायन' या विमानावर जिंकली. त्या काळी 'रीड' पद्धत होती. खालून सूर पाठवायचा, विमानातली त्या सुराची पातळ पट्टी थरथरायची आणि सुकाणू हलायचं. पण हलायचं ते पूर्णच, अर्धंमुर्धं नाही! सफाईदार वळण हवं तर स्विचवर टकटक करत राहायचं. मग 'प्रपोर्शनल' रेडिओ आला : काठी जेवढी, सुकाणू तेवढं. १९६७ साली कॉर्सिकात विश्वविजेता झालेला फिल क्राफ्ट स्वतःच असे रेडिओ बनवायचा.

आता तुम्ही म्हणाल, उडवणारा तर जमिनीवर सुखरूप उभा, मग थरार कसला? बघा, विमान आपल्याकडे तोंड करून आलं की डावं-उजवं उलटं होतं. उताणं उडताना काठी ओढली की ते वर जाण्याऐवजी जमिनीकडे येतं. अंगाला काहीच जाणवत नाही, सगळं डोळ्यांनीच ओळखायचं. क्षणभर गफलत झाली की कित्येक महिन्यांची मेहनत मातीत. रेडिओ कितीही सुधारला तरी ही अडचण तशीच राहिली, आणि माणसं या खेळाकडे ओढली जातात ती तिच्यामुळेच.