लोकल फंडाचा पैसा आणि महाडची शाळा

1860 नंतरच्या दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा वसूल होऊ लागला. हाच लोकल फंड. त्यातला एक तृतीयांश शाळांसाठी राखलेला असे. उरलेला रस्ते, विहिरी, धर्मशाळा अशा कामांवर जाई. महाड तालुक्यातल्या खेड्यांत (पोलादपूरही तेव्हा याच तालुक्यात होते) मराठी शाळा चालल्या त्या बऱ्याच अंशी या पैशावर. खोती गावात सारा खोतामार्फत भरला जाई, पण शेवटी तो निघे कुळाच्याच भातातून. शाळा सरकारी म्हणवत असली तरी खर्च गावानेच उचललेला होता.

हा खर्च किती तोकडा होता, ते इलाख्याला लागून असलेल्या बडोदे संस्थानाकडे पाहिले की कळते. सयाजीराव गायकवाडांनी 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 पासून तो सगळ्या बडोदे राज्याला लागू केला. 1911 साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडताना हीच तुलना पुढे ठेवली: बडोद्यात प्राथमिक शिक्षणावर दरडोई सुमारे साडेसहा पेन्स, ब्रिटिश हिंदुस्थानात जेमतेम एक. शाळेत जाण्याच्या वयाच्या मुलग्यांपैकी बडोद्यात सुमारे 80 टक्के शाळेत होते, ब्रिटिश मुलखात 21 टक्क्यांच्या आसपास. पैसा नाही, ही सरकारची सबब बडोद्याने आधीच खोटी पाडली होती. तरीही 1912 च्या मार्चमध्ये विधेयक 13 विरुद्ध 38 मतांनी पडले.

महाडमध्ये मात्र दरडोई आकड्याने सगळे उलगडत नाही. सरकारच्या खर्चाने चालणारी शाळा सर्व जातींना खुली, असे लंडनहून 1858 मध्येच कळवले गेले होते. धारवाडच्या एका महार मुलाला सरकारी शाळेने नाकारल्यावर तो वाद तिथवर पोचला होता. कागदावर एक, शाळेच्या ओसरीवर दुसरेच. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त झालेले. 1895 मध्ये कलेक्टरांनी त्यांना महाड तालुका लोकल बोर्डावर नेमले, तेव्हा त्यांच्या शेजारी बसणे नको म्हणून सवर्ण सभासद बिथरले. ज्या बोर्डात लोकल फंडाच्या खर्चाचे निर्णय होत, तिथल्या खुर्चीचीच ही गोष्ट.

पुढची पिढी शाळेच्या दाराशी अडली. लाडवलीत 1903 साली जन्मलेले रामचंद्र बाबाजी मोरे शिष्यवृत्ती मिळवूनही महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेशाला मुकत होते. त्यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहिले. शाळेला सरकारी ग्रँट मिळत होती आणि तीच नेमकी दुखरी नस ठरली. प्रवेश मिळाला, पण बसायचे वर्गाबाहेर.

सार्वजनिक पैशाचा हाच धागा 4 ऑगस्ट 1923 च्या बोले ठरावात आहे. सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात मंजूर करून घेतलेला हा ठराव पाणवठ्यांसाठी प्रसिद्ध असला, तरी सरकारी निधीतून चाललेल्या शाळा, दवाखाने, कचेऱ्याही त्यात होत्या. महाड नगरपालिकेने 1924 च्या जानेवारीत चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला आणि तो कागदावरच राहिला. 1926 मध्ये बोले यांनी आणखी एक ठराव आणला: न ऐकणाऱ्या नगरपालिकांची ग्रँट रोखा.

12 मार्च 1927 रोजी, चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या महाड परिषदेला आठवडा उरला असताना, डॉ. आंबेडकर कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. सरकार इलाख्यात शिक्षणावर माणशी 14 आणे खर्चते आणि अबकारीतून त्याच माणसाकडून दोन रुपयांहून अधिक घेते, निदान घेता तेवढे तरी शिक्षणावर लावा, असा त्यांचा मुद्दा होता. स्वतः बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर 1913 साली कोलंबियाला गेलेला माणूस हे सांगत होता.

मुंबई इलाख्याच्या 1923 च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने या शिक्षणाचा कारभार स्थानिक बोर्डांकडे सोपवला. वरवर पाहता ही सुधारणाच. पण 1928 च्या मे महिन्यात बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात आंबेडकरांनी हे हस्तांतर थांबवण्याची मागणी केली. बोर्डे ज्यांच्या हाती होती, त्यांच्याकडे शाळेची तिजोरी गेली तर अस्पृश्यांचे शिक्षण मागे पडेल, असे त्यांचे म्हणणे होते.