शांतिनिकेतनांतील चीनभवन

अश्वघोषाचें ‘बुद्धचरित’ हें महाकाव्य आपल्याकडील संस्कृतज्ञ मोठ्या आदरानें वाचतात. परंतु तें अर्धेंच वाचतात, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत नसते. मूळ काव्य २८ सर्गांचें. त्यांपैकीं सुमारें पहिले १४ सर्गच आज संस्कृतांत उपलब्ध आहेत. उरलेलें काव्य कोठें आहे असें कोणी विचारील, तर तें चिनी व तिबेटी भाषांतरांत आहे, असेंच उत्तर द्यावें लागतें. आपल्याच कवीचें काव्य पुरतें समजून घेण्यासाठीं परकी लिपि गिरवावी लागावी, यांत दैवाची थट्टा आहे खरी. पण शेजाऱ्यानें आपली ठेव शेंकडो वर्षें सांभाळून ठेविली, ही कृतज्ञतेचीहि गोष्ट आहे.

अशी ठेव एका ग्रंथापुरतीच नाहीं. सातव्या शतकांत ह्युएनत्संग नालंदेस राहून शिकला, पुलकेशीच्या महाराष्ट्रांतून फिरला आणि परत जातांना शेंकडो पोथ्या बरोबर घेऊन गेला. त्या काळीं विद्येचा हा मार्ग दोन्ही बाजूंनीं वाहता होता. पुढें तो बुजला. आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं हिंदी विद्यार्थ्यास चिनी बौद्ध ग्रंथांचा अभ्यास करावयाचा झाल्यास बहुधा पॅरिससारख्या नगरीकडेच पाहावें लागे. हा बुजलेला मार्ग आपल्याच भूमीवर पुन्हा मोकळा करण्याचा जो प्रयत्न बंगालमधील एका आश्रमांत झाला, त्याचा इतिहास येथें थोडक्यांत सांगावयाचा आहे.

विश्वभारतीची रीतसर स्थापना १९२१ सालच्या डिसेंबरांत झाली. त्याच सुमारास फ्रेंच पंडित सिल्व्हां लेव्ही हे तेथें पहिले पाहुणे अध्यापक म्हणून आले, आणि त्यांनीं चिनी व तिबेटी यांचे पाठ सुरू केले. त्यांच्या वर्गांत स्वतः रवींद्रनाथहि येऊन बसत. तेथेंच प्रबोधचंद्र बागची हे तरुण अभ्यासक लेव्हींपाशीं शिकले, त्यांच्याबरोबर नेपाळांत जाऊन हस्तलिखितें पाहूं लागले, आणि पुढें पॅरिस येथें चीनमधील बौद्ध ग्रंथसंग्रहावर त्यांनीं प्रबंध लिहिला. एका विद्यार्थ्याला योग्य वेळीं योग्य गुरु मिळाला, एवढीच ही घटना; पण चिनी विद्येच्या हिंदी परंपरेचा आरंभ मुख्यतः तीतूनच झाला.

१९२४ सालीं रवींद्रनाथ चीनला गेले. क्षितिमोहन सेन, नंदलाल बोस व कालिदास नाग हे त्यांच्याबरोबर होते. मे महिन्याच्या ८ तारखेस पेकिंग येथें त्यांचा वाढदिवस साजरा झाला; लिआंग छी-चाव यांनीं त्यांस चिनी नांव अर्पण केलें आणि तेथील तरुण साहित्यिकांनीं त्यांचें ‘चित्रा’ नाटक रंगभूमीवर आणलें. परंतु याच दिवसांत दुसरे कांहीं तरुण कवीच्या विरुद्ध पत्रकें वांटीत होते, हें विसरतां कामा नये. पूर्वेच्या अध्यात्माची थोरवी ऐकून आमच्या देशाचें दैन्य कसें फिटणार, असा त्यांचा सवाल होता. कवीनें आपलीं कांहीं व्याख्यानें रद्द केलीं. सवाल खोटा नव्हता. आणि केवळ गौरवसमारंभांनीं दोन राष्ट्रें एकमेकांस ओळखीत नाहींत, हा धडा त्या प्रवासांतूनच मिळावयास हवा होता.

तो धडा ज्यानें कृतींत उतरविला तो गृहस्थ हुनान प्रांतांतील तान युन-शान हा होय. १९२७ सालीं मलायांत त्याची व रवींद्रनाथांची भेट झाली आणि दुसऱ्याच वर्षीं तो शांतिनिकेतनांत येऊन चिनी शिकवूं लागला. ना इमारत, ना ग्रंथालय. त्यानें स्वदेशीं जाऊन १९३३ सालीं नानकिंग येथें चीन-भारत सांस्कृतिक संघ स्थापण्यास पुढाकार घेतला, द्रव्य जमविलें, ग्रंथ मिळविले. आणि १९३७ च्या एप्रिलच्या १४ तारखेस, बंगाली वर्षप्रतिपदेच्या दिवशीं, चीनभवनाचें उद्घाटन झालें. अध्यक्षस्थानीं पंडित नेहरू असावयाचे. ते आजारी पडल्यामुळें त्यांचा संदेश घेऊन कन्या इंदिरा आल्या.

यानंतर तीनच महिन्यांनीं जपाननें चीनवर युद्ध लादलें. चीनभवनाचें पुढील आयुष्य त्या वणव्याच्या उजेडांतच गेलें. चित्रकार शू पैहुंग १९३९ च्या अखेरीस आश्रमांत आला; तेथें त्याच्या चित्रांचें प्रदर्शन भरलें. पिढ्यान्‌पिढ्या खणून डोंगर हलवूं पाहणाऱ्या वेड्या म्हाताऱ्याच्या चिनी कथेवरील आपलें प्रसिद्ध चित्र त्यानें १९४० सालीं हिंदुस्थानांतच काढलें. १९४२ सालीं चँग कै-शेक पतिपत्नी भेटीस येऊन गेलीं. त्याच वर्षीं नंदलालांनीं भवनाच्या भिंतीवर ‘नटीर पूजा’ रंगविली, आणि विनोदबिहारी मुखर्जी यांनीं आश्रमाच्या नित्य जीवनाचें चित्र काढलें. विद्यार्थी व्याकरण घोकीत असतां शेजारच्या भिंतीवर कलावंत काम करीत आहे, असें विद्यालय आपल्या देशांत किती ठिकाणीं सांपडेल?

महाराष्ट्राचाहि या उद्योगांत वांटा आहे. पुण्याचे पाली पंडित पुरुषोत्तम विश्वनाथ बापट यांनीं ‘अर्थपदसूत्र’ या चिनी ग्रंथाचें केलेलें भाषांतर विश्वभारतीनेंच १९५१ सालीं प्रसिद्ध केलें. १९४७ सालीं हिंदी सरकारनें कांहीं विद्यार्थी पेकिंगला धाडले, त्यांत वसंत परांजपे हे होते. पुढें १९५४ सालीं नेहरू व माओ यांच्या भेटींत ते दुभाषे झाले. याच काळांत बागची पेकिंग विद्यापीठांत अध्यापक म्हणून गेले होते. एकेकाळचा विद्यार्थी आतां चिनी विद्यार्थ्यांचा गुरु झाला होता.

मात्र राजकारणाची सावली या वास्तूवर प्रथमपासूनच पडली होती. जें सरकार पाठीराखें होतें तें १९४९ सालीं चीनच्या भूमीवरून नाहींसें झालें. १९५७ सालीं नव्या सरकारचे पंतप्रधान चौ एन-लाय शांतिनिकेतनांत आले, तेव्हां त्यांचाहि थाटानें सत्कार झाला. पुढें पांचच वर्षांनीं सीमेवर युद्ध पेटलें. बंगाल व आसाम येथील कित्येक चिनी कुटुंबांना राजस्थानांतील देवळी येथें स्थानबद्ध करण्यांत आलें. तोरणें उतरलीं, घोषणा विरल्या. पण तान हिंदुस्थान सोडून गेले नाहींत. निवृत्तीनंतर त्यांनीं बोधगयेस बौद्ध विद्येचें काम आरंभिलें आणि १९८३ सालीं तेथेंच देह ठेविला.

या इतिहासाचा अर्थ काय घ्यावयाचा? समारंभ निरर्थक असतात असें म्हणणें कृतघ्नपणाचें होईल. नाटकें, प्रदर्शनें, पाहुण्यांची ये-जा यांनींच तरुणांचें लक्ष परक्या विद्येकडे वळतें. परंतु वारा फिरला कीं सर्वांआधीं तींच नाहींशीं होतात. मागें राहतात ते ग्रंथ, आणि ते वाचूं शकणारीं चार माणसें. युद्धाच्या दिवसांतच शेजाऱ्याची भाषा जाणणाऱ्यांची गरज अधिक असते, आणि नेमक्या त्याच दिवसांत ती शिकणारा संशयास पात्र ठरतो.

आपल्या घरांतील एखाद्या मुलीनें वा मुलानें उद्यां चिनी अथवा तिबेटी शिकण्याची इच्छा दर्शविली, तर आपण प्रथम काय विचारतों? ‘पुढें नोकरी कोणती?’ हा प्रश्न संसारी माणसास सुटलेला नाहीं, आणि तो विचारण्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. पण त्याच्यासोबत दुसराहि एक प्रश्न विचारला जावा: ही भाषा आमच्यापैकीं कोणीच शिकलें नाहीं, तर आमचें काय बुडेल? त्याचें निदान एक उत्तर तरी अगदीं स्पष्ट आहे. आमच्या अश्वघोषाचें अर्धें काव्य आम्हांस दुसऱ्याच्या तोंडून ऐकावें लागेल.