मानवी हक्कांचा प्रश्न हाती घेताना

बारावीला विधी अभ्यास घेतलेल्या किंवा विधी महाविद्यालयात नुकतेच पाऊल ठेवलेल्या विद्यार्थ्याला मानवी हक्कांची प्रश्नपत्रिका पहिल्या नजरेत सोपी वाटते. समता, स्वातंत्र्य, व्यक्तीची प्रतिष्ठा हे शब्द त्याने शाळेच्या परिपाठात संविधानाच्या उद्देशिकेसोबत कितीदा तरी म्हटलेले असतात. मग उत्तरातही तेच शब्द भरभरून येतात. त्यामागची भावना खरी असते, पण प्रश्न तसाच राहतो. उत्तरपत्रिका तपासताना मला याची हळहळ वाटत आली आहे, कारण या शब्दांविषयी ज्याला मनापासून आस्था आहे त्याला हा विषय फार चांगला येऊ शकतो. हा प्रश्नसंग्रह अशाच वाचकांसाठी आहे.

या विषयातला जवळजवळ प्रत्येक चांगला प्रश्न परीक्षकाच्या आधी कोणीतरी न्यायालयाला विचारलेला आहे. वाचकांनी पुढील पाने उलटताना एवढे ध्यानात ठेवले, तर पाठांतराचे ओझे बरेच हलके होईल.

एक खटला जरा सविस्तर पाहू. 1981 च्या जुलैत, ऐन पावसाळ्यात, मुंबईतील पदपथांवर राहणाऱ्यांना हटवून आपापल्या गावी पाठवण्याची घोषणा राज्य सरकारने केली. त्याविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही पदपथवासी सर्वोच्च न्यायालयात गेले. निकाल 1985 मध्ये लागला. सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या पाच सदस्यांच्या पीठाने म्हटले की, अनुच्छेद 21 मधील जीविताच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. पोट भरण्याचे साधन काढून घेतले तर जगणेच काढून घेतल्यासारखे होते. बहुतेक उत्तरे इथे पूर्णविराम देतात. तुम्ही मात्र निकालाचे पुढचे पान वाचा. पदपथ चालणाऱ्यांसाठी आहे, तिथे घर बांधून राहण्याचा हक्क कोणालाही नाही, असेही न्यायालयाने ठरवले. मुंबई महानगरपालिका अधिनियमाचे कलम 314 वैध ठरले. मात्र ते वापरताना सामान्यतः आधी नोटीस द्यावी, 1976 च्या गणनेत नोंद झालेल्यांना पर्यायी जागा द्यावी आणि 31 ऑक्टोबर 1985 पर्यंत कोणाला हटवू नये, असे न्यायालयाने सांगितले. पावसाळा सरेपर्यंतची ही मुदत मला या निकालातली फार महत्त्वाची ओळ वाटते.

मग पदपथवासी जिंकले की हरले? या संग्रहातला हा माझा सर्वांत आवडता प्रश्न आहे. त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, आणि ते का देता येत नाही हे लिहिता लिहिताच हक्क आणि दाद यांतले अंतर कळते. हक्क मान्य होतो, तरी तो न्याय्य कार्यपद्धतीने मर्यादित करता येतो. कार्यपद्धती न्याय्यच हवी, हे 1978 च्या मनेका गांधी खटल्यातले तत्त्व इथे कामाला येते. एक खटला नीट उकलला की दुसऱ्याची दारे अशी आपोआप उघडतात.

प्रश्न वाचल्यावर लगेच लिहू लागू नका. तक्रार कोणाची आहे, कोणाविरुद्ध आहे आणि तिला नेमके काय हवे आहे, हे आधी समासात पेन्सिलीने टिपा. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईतील पोलीस कोठड्यांमधल्या स्त्रियांविषयी लिहिलेले पत्र सर्वोच्च न्यायालयाने याचिका म्हणून स्वीकारले. 1983 च्या त्या निकालातील आदेश अगदी ठोस आहेत: स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या आणि महिला पोलिसांच्या उपस्थितीतच त्यांची चौकशी. तुमच्या उत्तरातली मागणीही तितकीच ठोस हवी.

दाद कुठे मागायची, हाही उत्तराचाच भाग आहे. अनुच्छेद 32 सर्वोच्च न्यायालयाकडे नेतो आणि तो केवळ मूलभूत हक्कांसाठी आहे. अनुच्छेद 226 उच्च न्यायालयाकडे नेतो आणि त्याचा आवाका अधिक मोठा आहे. 1993 च्या मानवी हक्क संरक्षण अधिनियमाखालील आयोग चौकशी करून शिफारस करतात, आणि घटनेला एक वर्ष उलटले असेल तर त्यांना चौकशी करता येत नाही. प्रश्नात तारीख दिलेली असेल तर ती सहसा याचसाठी असते.

सरावाची सुरुवात मी महाडपासून सुचवतो. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या हजारो सहकाऱ्यांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. तळ्यावर अस्पृश्यांना बंदी असावी, असा दावा न्यायालयात गेला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल 1937 मध्ये अस्पृश्यांच्या बाजूने लागला. निकालाचा आधार मात्र समतेचे तत्त्व नव्हता. बंदीची रूढी अनादि काळापासून चालत आली आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही, म्हणून त्यांचा दावा फेटाळला गेला. ती रूढी सिद्ध झाली असती तर काय झाले असते, याचा क्षणभर विचार करा. पुढे संविधानाच्या अनुच्छेद 15 च्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांचा नाव घेऊन उल्लेख आला, आणि तो वाचताना महाडची आठवण येतेच.

तेव्हा पहिला प्रश्न असा: हाच दावा 26 जानेवारी 1950 नंतर दाखल झाला असता, तर रूढीच्या पुराव्याची गरज उरली असती का? संविधानाची प्रत उघडी ठेवा, अनुच्छेद 13, 15 आणि 17 समोर असू द्या आणि अर्ध्या तासात दोन पाने लिहा. दुसऱ्या दिवशी तेच उत्तर तळ्यावर बंदी घालणाऱ्यांचे वकील म्हणून पुन्हा लिहून पाहा.