दर्या आणि दऱ्या यांच्यामधला अदृश्य दुवा

मनोरहून पश्चिमेला पालघर ओलांडून गेलं की दर्या लागतो. पूर्वेला विक्रमगड-जव्हारच्या बाजूला निघालं की डोंगर आणि दऱ्या. बोलताना या दोन शब्दांत कुणाची गफलत होत नाही. छापखान्यातही नव्हती: एकावर रफार, दुसऱ्यात पापणीसारखा वाकडा ‘र’. अडचण आली ती संगणकामुळे.

संगणक अक्षराचा आकार साठवत नाही, क्रमांक साठवतो. ‘दर्या’ म्हणजे द, र, हलन्त, य आणि काना. ‘दऱ्या’ची फोड केली तरी तीच पाच चिन्हं हाती येतात. मग यंत्राला फरक सांगायचा कसा?

न दिसणाऱ्या चिन्हांची कल्पना टेलिप्रिंटरच्या काळातली. अमेरिकेत १९६३ साली ‘आस्की’ ही संकेतप्रणाली ठरली, तेव्हा त्यात कागदावर न उमटणाऱ्या आज्ञाही होत्या. घंटा वाजव, कागद एक ओळ सरकव, गाडा ओळीच्या सुरुवातीला ने. वाचकाला त्या दिसत नसत, यंत्र मात्र त्या पाळत असे.

भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली भारतीय मानक ब्युरोने ‘इस्की’ प्रणाली प्रमाणित केली. तिने पापणीच्या ‘र’साठी वेगळी वाट घेतली: नुक्त्याचा ‘ऱ’ आणि त्याला हलन्त. जगभरच्या लिप्यांना एकाच यादीत आणणाऱ्या युनिकोडने ही रीत स्वीकारली, पण दुसरीही चालू ठेवली. साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे ‘झिरो विड्थ जॉइनर’, म्हणजे शून्य रुंदीचा जोडक.

हा जोडक आणि त्याचा भाऊ, शून्य रुंदीचा विभाजक, फक्त आपल्यासाठी नाहीत. फारसीत ‘मी-रवद’ (तो जातो) लिहिताना ‘मी’ पुढच्या अक्षराला चिकटू नये, पण मध्ये पूर्ण जागाही सुटू नये, म्हणून विभाजक लागतो. फारसी लोक त्याला ‘नीम-फासला’ म्हणतात. अरबी लिपीत हिजरी सनाची खूण म्हणून एकटा ‘हे’ लिहायचा असतो, तेव्हा त्याला शब्दारंभीचा आकार द्यायला जोडक कामी येतो.

आता गंमत पाहा. ‘दर्या’ हा शब्दच मुळी फारसीतून आलेला. शिवरायांच्या आरमारातला ‘दर्यासारंग’ आपल्याला ठाऊक आहे. ‘दरी’ मात्र संस्कृतातून आलेली. या दोघांना पडद्यावर वेगळं ठेवणारं चिन्ह हिजरी सनाची खूणही सांभाळतं आणि मराठी पापणीही. लिपीवरून माणसांची वाटणी करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

पण हा विषय गंमतीवर संपत नाही. दोन पद्धतींनी लिहिलेला ‘दऱ्या’ डोळ्यांना एकच दिसतो, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. एका पद्धतीने टंकलेलं नाव दुसऱ्या पद्धतीने शोधलं, तर साधी शोधयंत्रणा ‘सापडले नाही’ म्हणून मोकळी होते. काही सॉफ्टवेअर अदृश्य चिन्हं कचरा समजून पुसतात. मग जोडकाने लिहिलेल्या ‘शेतकऱ्यांना’चं ‘शेतकर्यांना’ होतं. मराठी संकेतस्थळांवर असं रूप दिसलं की ती दर वेळी लिहिणाऱ्याची अशुद्धता नसते. जोडक वाटेत गळालेला असू शकतो.

लेखातली अशी चूक वाचक सुधारून घेतो. यादीतली चूक तशी सुधारत नाही. लाभार्थ्यांची किंवा मतदारांची यादी यंत्राने तपासायची असेल, तर दोन्ही रूपं एकच मानण्याची सोय आधी करावी लागते. हे काम संगणकतज्ज्ञाला अवघड नाही. त्यासाठी त्याला मराठीत असा ‘र’ आहे, हे माहीत असायला हवं. ते सांगायचं काम मात्र मराठी लिहिणाऱ्यांचं, म्हणजे आपलं सगळ्यांचं आहे.