वियेन्यातील एक घर : श्वानसहवास, वाढदिवस आणि मैत्री (१९२५ ते १९३९)

प्रस्तावना

थोर व्यक्तींच्या चरित्रांत त्यांचे ग्रंथ, वादविवाद, शिष्यपरंपरा आणि राजकीय घडामोडींशी आलेला संबंध यांना प्राधान्य मिळते. त्यांच्या घरात कोणते प्राणी होते, वाढदिवशी कोण आले, काय भेट मिळाली, या गोष्टी बहुधा एखाद्या तळटीपेत किंवा छायाचित्राखालच्या ओळीत उरतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दैनंदिन जीवनाच्या इतिहासाला अभ्यासविषय म्हणून मान्यता मिळाल्यानंतर अशा सामग्रीकडे पाहण्याची दृष्टी काही प्रमाणात बदलली. तरीही बौद्धिक इतिहासाच्या क्षेत्रात ही सामग्री आजही 'रंजक' या एका विशेषणाने निकालात काढली जाते. प्रस्तुत लेखात मनोविश्लेषणशास्त्राचे जनक सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९) यांच्या अखेरच्या चौदा वर्षांतील घरगुती जीवनाचा, विशेषतः पाळीव कुत्री आणि महत्त्वाचे वाढदिवस यांच्या आधारे, विचार केला आहे.

या विषयासाठी साधने विपुल आहेत. फ्रॉइड यांनी ऑक्टोबर १९२९ पासून ऑगस्ट १९३९ पर्यंत अत्यंत त्रोटक रोजनिशी ठेवली होती. तिच्यातील बहुतेक नोंदी दोन-चार शब्दांच्या आहेत. एखाद्या सरकारचे पतन, दातांच्या कवळीची दुरुस्ती, कुत्रीची शस्त्रक्रिया आणि मित्राचे आगमन या साऱ्यांना तिथे सारखीच जागा मिळते. यांखेरीज मुलगा मार्टिन यांच्या आठवणी, अर्नेस्ट जोन्स यांचे त्रिखंडात्मक चरित्र, वैयक्तिक डॉक्टर मॅक्स शूर यांचा ग्रंथ आणि विस्तृत पत्रव्यवहार उपलब्ध आहे.

वोल्फ ते योफी

फ्रॉइड यांच्या घरात कुत्रे आले ते त्यांच्या स्वतःच्या हौसेने नव्हे. धाकटी कन्या ॲना हिला वियेन्यात एकटीने फिरायला जाताना सोबत असावी म्हणून १९२५ मध्ये 'वोल्फ' नावाचा जर्मन शेफर्ड जातीचा कुत्रा आणला गेला. त्या वेळी फ्रॉइड सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. १९२३ मध्ये त्यांना जबड्याचा कर्करोग झाला होता. तोंडाच्या आतील भागावर मोठी शस्त्रक्रिया होऊन कृत्रिम कवळी बसवावी लागली होती. बोलणे, जेवणे आणि ऐकणे या तिन्ही क्रिया कष्टाच्या झाल्या होत्या. त्याच वर्षी जून महिन्यात त्यांचा अत्यंत लाडका चार वर्षांचा नातू दगावला. त्या मुलाची रिकामी झालेली जागा वोल्फने जवळजवळ भरून काढली, अशा आशयाचे वाक्य फ्रॉइड यांच्या एका पत्रात आढळते. आजोबा, नातू आणि कुत्रा यांचे हे समीकरण भावुक वाटण्याचा संभव आहे. परंतु भावुकतेबद्दल फारशी आस्था नसलेल्या गृहस्थाने ते लिहिले आहे, हे ध्यानात घ्यावे लागते.

वोल्फविषयीची एक हकीकत मार्टिन यांनी सांगितली आहे. वियेन्यातील प्राटर उद्यानात फिरताना हा कुत्रा हरवला. घरची मंडळी चिंतेत असताना तो टॅक्सीतून घरी परतला. त्याने गाडीत उडी घेतली आणि गळ्यातील पट्टीवरचा पत्ता चालकाला वाचता येईल अशी मान वर करून तो बसून राहिला, असे चालकाचे म्हणणे होते. कौटुंबिक आख्यायिकांना पुनरावृत्तीने जी झळाळी येते ती इथेही असावी.

फ्रॉइड यांच्या स्वतःच्या मालकीची पहिली कुत्री 'लुन-युग' ही चाऊ जातीची होती. ॲना यांची अमेरिकन मैत्रीण डोरोथी बर्लिंगहॅम हिने ती १९२८ मध्ये भेट दिली. पुढील वर्षी ऑगस्टमध्ये बेर्ख्टेसगाडेनहून वियेन्याला नेत असताना साल्झबुर्ग स्थानकावर ती निसटली आणि रेल्वेमार्गावर मृतावस्थेत सापडली. याच उन्हाळ्यात, त्याच डोंगराळ गावी, फ्रॉइड 'संस्कृती आणि तिच्यातील असमाधान' या आशयाच्या शीर्षकाचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहीत होते. त्या ग्रंथातील एका तळटीपेत, माणूस आपल्या सर्वांत विश्वासू प्राणिमित्राचे नाव शिवी म्हणून का वापरतो, या प्रश्नाचा ऊहापोह आहे. कुत्र्याला घाणीची किळस नाही आणि लैंगिक व्यवहाराची लाज नाही, म्हणून सुसंस्कृत माणूस त्याचा तिरस्कार करतो, असे उत्तर तिथे दिले आहे. मराठीतही 'कुत्रा' हा शब्द माणसाला उद्देशून कोणत्या स्वरात वापरला जातो हे सांगावयास नको. आणि त्याच समाजात धर्मराजाने कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारल्याची कथा आदराने ऐकली जाते. फ्रॉइड यांच्या तळटीपेचा अर्थ केवळ सिद्धान्तापुरता लावणाऱ्या अभ्यासकांनी तो लिहिणाऱ्याच्या पायाशी त्या वेळी कोण बसत असे, याकडे अभावानेच लक्ष दिले आहे.

मार्च १९३० मध्ये लुन-युगची बहीण 'योफी' घरी आली. पुढील सात वर्षे बेर्गगासे १९ या पत्त्यावरील उपचारकक्षात रुग्ण कोचावर, डॉक्टर त्यांच्या मागे आणि योफी जमिनीवर, अशी व्यवस्था असे. तास संपत आला की योफी उठून जांभई देई, त्यामुळे घड्याळाकडे पाहण्याची गरज पडत नसे, असे मार्टिन यांनी नमूद केले आहे. १९३३ मध्ये उपचारासाठी आलेल्या अमेरिकन कवयित्री हिल्डा डूलिटल यांच्या आठवणींतही योफीला महत्त्वाचे स्थान आहे. जेवणाच्या टेबलावर फ्रॉइड आपल्या ताटातील पुष्कळसा भाग तिला भरवीत. कवळीमुळे त्यांना स्वतःला चावणे कठीण होते, हे त्यामागील साधे कारण विसरता कामा नये.

सत्तरी, पंच्याहत्तरी, ऐंशी

६ मे हा फ्रॉइड यांचा जन्मदिवस. समारंभांविषयी त्यांना मनापासून तिटकारा होता. १९२६ मध्ये सत्तरी पूर्ण झाली तेव्हा वियेन्यातील ज्यू बंधुसंघाने सभा घेतली. फ्रॉइड तिला गेले नाहीत, पत्र पाठवून त्यांनी आभार मानले. घरातील साजरेपण मात्र त्यांना चालत असे. ॲना कुत्र्यांच्या नावाने विनोदी कविता रचीत. तो कागद कुत्र्याच्या गळ्यात बांधून त्याला फ्रॉइड यांच्याकडे पाठविले जाई. सार्वजनिक गौरवाला नकार देणारा हा वृद्ध कुत्र्याकडून आलेले अभिनंदन आनंदाने स्वीकारीत असे.

१९३१ चा पंचाहत्तरावा वाढदिवस अधिक तपशिलाने पाहण्याजोगा आहे. त्या वर्षी त्यांच्या मैत्रीण लू आंद्रेआस-सालोमे यांनी कृतज्ञता व्यक्त करणारे छोटेखानी पुस्तक प्रकाशित केले. मारी बोनापार्त यांनी प्राचीन ग्रीक कलश भेट दिला. नेपोलियनच्या एका भावाची पणती आणि ग्रीस-डेन्मार्कच्या राजपुत्राची पत्नी असलेल्या मारी १९२५ मध्ये रुग्ण म्हणून आल्या आणि पुढे फ्रॉइड यांच्या निकटतम स्नेह्यांपैकी एक झाल्या. हा कलश आपल्यासोबत थडग्यात नेता येणार नाही, याची खंत फ्रॉइड यांनी आभारपत्रात विनोदाने व्यक्त केली होती.

याच वाढदिवसानिमित्त भारतातूनही एक भेट गेली. कोलकात्यात १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन करणारे गिरींद्रशेखर बोस यांनी विष्णूची हस्तिदंती मूर्ती पाठविली. ती डिसेंबर १९३१ मध्ये वियेन्याला पोहोचली. रोजनिशीत तिची नोंद आहे. मूर्ती लेखनाच्या मेजावर ठेवली गेली. बोस आणि फ्रॉइड यांची प्रत्यक्ष भेट कधीही झाली नाही. बोस यांचे इच्छाविरोधाविषयीचे विचार फ्रॉइड यांना पूर्णतः पटले नव्हते, हे पत्रव्यवहारावरून दिसते. मतभेद असूनही मित्राच्या पंचाहत्तरीला देवाची मूर्ती पाठवावी आणि नास्तिक मित्राने ती मेजावर मांडावी, या व्यवहाराला भारतीय वाचकाने कमी लेखू नये. आपल्याकडे साठीची शांत, अमृतमहोत्सव, सहस्रचंद्रदर्शन अशा टप्प्यांना धार्मिक विधींची चौकट आहे. वियेन्यातील या घरात ती नव्हती; तिथे भेटवस्तू आणि पत्रे यांनीच तिची उणीव भरून काढली.

१९३६ हे दोन मित्रांचे वर्ष होते. जानेवारीत फ्रेंच साहित्यिक रोमाँ रोलाँ सत्तर वर्षांचे झाले. रामकृष्ण आणि विवेकानंद यांची चरित्रे लिहिणाऱ्या रोलाँ यांच्याशी फ्रॉइड यांची भेट १९२४ मध्ये एकदाच झाली होती. मैत्री पत्रांतूनच टिकली. मित्राला काय द्यावे, या प्रश्नावर फ्रॉइड यांनी उत्तर दिले ते एका दीर्घ खुल्या पत्राच्या रूपाने. १९०४ मध्ये अथेन्सच्या ॲक्रोपोलिसवर उभे असताना आलेल्या विलक्षण अविश्वासाच्या अनुभवाचे विश्लेषण त्यात आहे. वडिलांना जे पाहता आले नाही ते आपण पाहिले, याचा अपराधभाव हा त्याचा गाभा. वाढदिवसाची भेट म्हणून इतके खासगी लेखन क्वचितच कोणी केले असेल.

त्याच वर्षी मे महिन्यात फ्रॉइड यांना ऐंशी वर्षे पूर्ण झाली. गौरवग्रंथाची कल्पना त्यांनी आधीच नाकारली होती. थॉमस मान आणि स्टेफान त्स्वाइग यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या अभिनंदनपत्रावर १९१ लेखक-कलावंतांच्या स्वाक्षऱ्या होत्या, त्यांत एच. जी. वेल्स आणि व्हर्जिनिया वुल्फ यांचाही समावेश होता. मान यांनी ८ मे रोजी वियेन्यात व्याख्यान दिले. प्रकृतीमुळे फ्रॉइड उपस्थित राहू शकले नाहीत, म्हणून १४ जून रोजी मान यांनी ग्रिन्झिंग येथील त्यांच्या उन्हाळी निवासात येऊन तेच व्याख्यान त्यांना वाचून दाखविले. तीन वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये फ्रॉइड यांची पुस्तके जाळण्यात आली होती. मान स्वतः जर्मनीबाहेर राहत होते. या पार्श्वभूमीवर त्या वाचनाला मैत्रीपेक्षा अधिक अर्थ प्राप्त होतो.

'टॉप्सी'चा अनुवाद

मारी बोनापार्त यांच्याकडेही 'टॉप्सी' नावाची चाऊ कुत्री होती. १९३५ मध्ये तिच्या ओठाखाली घातक गाठ आढळली आणि पॅरिसमध्ये किरणोत्सारी उपचारांनी ती बरी झाली. मारी यांनी या अनुभवावर लिहिलेले छोटे पुस्तक १९३७ मध्ये फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे हस्तलिखित फ्रॉइड यांना डिसेंबर १९३६ मध्ये मिळाले. उत्तरादाखल लिहिलेल्या पत्रात कुत्र्यावरील प्रेमात माणसांच्या नात्यांतील द्विधा भाव, म्हणजे प्रेम आणि द्वेष यांची सरमिसळ, नसते असे त्यांनी म्हटले. योफीला कुरवाळताना आपण नकळत 'डॉन जोव्हानी' या संगीतिकेतील मैत्रीविषयीचे गीत गुणगुणत असतो, अशी कबुलीही तिथे आहे. तोंडाच्या कर्करोगाने तेरा वर्षे ग्रासलेला माणूस तोंडाच्या कर्करोगातून वाचलेल्या कुत्रीची कथा वाचत होता, हे पत्रात कुठेही उघडपणे आलेले नाही.

याच आठवड्यांत मारी यांनी एका विक्रेत्याकडून फ्रॉइड यांची विल्हेल्म फ्लीस या तरुणपणीच्या जिवलग मित्राला लिहिलेली पत्रे विकत घेतली. ती नष्ट व्हावीत अशी फ्रॉइड यांची इच्छा होती. मारी यांनी ठाम नकार दिला. एका तुटलेल्या मैत्रीचे पुरावे दुसऱ्या मैत्रीने वाचविले.

जानेवारी १९३७ मध्ये शस्त्रक्रियेनंतर योफीचे हृदय बंद पडले. सात वर्षांच्या सहवासानंतर हे दुःख सहज पचत नाही, असे फ्रॉइड यांनी आर्नोल्ड त्स्वाइग यांना कळविले आणि योफीच्या मत्सरामुळे बर्लिंगहॅम यांच्याकडे ठेवलेली 'लुन' परत घरी आणली.

मार्च १९३८ मध्ये नाझी सैन्य ऑस्ट्रियात शिरले. घराची झडती झाली. २२ मार्च रोजी ॲनाला गेस्टापोने चौकशीसाठी नेले आणि संध्याकाळी सोडले. मारी तातडीने वियेन्यात दाखल झाल्या होत्या. परवानग्यांची प्रतीक्षा करीत असलेल्या त्या आठवड्यांत पिता आणि कन्या 'टॉप्सी'चा जर्मन अनुवाद पूर्ण करीत होते. हा अनुवाद १९३९ मध्ये ॲम्स्टरडॅम येथून प्रसिद्ध झाला. काही चरित्रकारांना यात केवळ वेळ घालविण्याचे साधन दिसते. तथापि देशत्यागासाठी भरावयाचा कर चुकता करण्यास मदत करणाऱ्या मैत्रिणीला परतफेड म्हणून, हाती उरलेली एकमेव गोष्ट, म्हणजे आपली भाषा, देऊ केली गेली असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते.

लंडन

४ जून १९३८ रोजी पत्नी मार्था, ॲना, मोलकरीण पाउला, एक तरुण डॉक्टर आणि लुन यांच्यासह फ्रॉइड यांनी वियेन्ना सोडले. पॅरिसमध्ये मारी यांच्या घरी एक दिवस काढून ते लंडनला पोहोचले. ब्रिटिश कायद्यानुसार रेबीजच्या भीतीने लुनला सहा महिने विलगीकरणात ठेवावे लागले. लॅडब्रोक ग्रोव्ह येथील त्या जागी बयाऐंशी वर्षांचा आजारी माणूस तिला भेटायला जात असे. मधल्या काळात 'जंबो' नावाचे पिकिनीज जातीचे पिल्लू घरात आले, पण त्याचा ओढा पाउलाकडेच अधिक राहिला.

फ्रॉइड यांच्या चार वृद्ध बहिणी मात्र वियेन्यातच राहिल्या. त्यांच्या निर्वाहासाठी पैशांची तरतूद केली होती. मारी यांनी त्यांना फ्रान्समध्ये आणण्याचे प्रयत्न केले. ते निष्फळ ठरले. १९४२–४३ मध्ये चौघींचाही नाझी छावण्यांत मृत्यू झाला. कुत्रीला निर्वासित होता आले, बहिणींना नाही, हे वास्तव या घराच्या कोणत्याही जिव्हाळ्याच्या वर्णनाशेजारी ठेवावेच लागते. त्या काळाच्या प्रवेश-परवान्यांत वय, नाते आणि प्रतिष्ठा यांचा जो हिशेब होता त्याचे ते फलित आहे.

६ मे १९३९ रोजी हॅम्पस्टेडमधील घरी फ्रॉइड यांचा त्र्याऐंशीवा आणि शेवटचा वाढदिवस झाला. त्यानंतर प्रकृती झपाट्याने ढासळली. जबड्यातील जखमेला इतकी दुर्गंधी येऊ लागली की लुन त्यांच्याजवळ येईना. ती खोलीच्या दूरच्या कोपऱ्यात बसून राही. आपल्या दशेचा अर्थ फ्रॉइड यांना तिच्या त्या वागण्यातून पुरता कळला, असे शूर यांच्या कथनावरून दिसते. ज्या प्राण्याला दुर्गंधीची किळस नसते असे दहा वर्षांपूर्वी लिहिले होते, त्यानेच पाठ फिरविली होती.

२३ सप्टेंबर १९३९ रोजी त्यांचे निधन झाले. मारी यांनी पंच्याहत्तरीला दिलेल्या ग्रीक कलशात त्यांच्या अस्थी गोल्डर्स ग्रीन येथे ठेवण्यात आल्या. १९५१ मध्ये मार्था यांच्याही त्यात मिळविल्या गेल्या. २०१४ च्या जानेवारीत चोरीच्या प्रयत्नात त्या कलशाचे मोठे नुकसान झाल्याचे उघडकीस आले. हॅम्पस्टेडचे घर १९८६ पासून संग्रहालय आहे, आणि कोलकात्याहून आलेली विष्णुमूर्तीही तिथल्याच संग्रहात आहे.