टोन्ड दुधाचं गणित

दुधाच्या पिशवीवर 'टोन्ड' असं छापलेलं असतं. आमच्या घरी त्याचा अर्थ एकच: पाणी घातलेलं. आई ते फक्त चहाला वापरते, सायीसाठी वेगळं "चांगलं" दूध येतं. पण मंडळी, नाव इंग्रजी असलं तरी हा प्रकार अस्सल मुंबईचा आहे, आणि त्यामागचं डोकं मला तरी भारी वाटतं.

आधी थोडं रसायनशास्त्र (कंटाळा आला तर उडी मारा). दूध म्हणजे मुळात पाणीच. गाईच्या दुधात ८७ टक्के, म्हशीच्या साधारण ८३. उरलेल्यात एक भाग फॅट. दुसरा म्हणजे फॅट सोडून बाकी सगळं: केसीनसारखी प्रथिनं, लॅक्टोज साखर, कॅल्शियम वगैरे. डेअरीवाले याला एसएनएफ म्हणतात. गाईच्या दुधात फॅट ४ टक्क्यांच्या आसपास, म्हशीच्या ७. एसएनएफमध्ये मात्र फरक फार नाही. गाईचं साडेआठ-नऊ, म्हशीचं साडेनऊच्या घरात.

आता १९४५-४६ ची मुंबई. दूध महाग, त्यात भेसळ, आणि येतं ते बहुतेक म्हशीचं. सरकारने दूध योजना सुरू केली होती, तिचे सूत्रधार दारा खुरोडी. १९४६ मध्ये टोन्ड दूध आलं ते यांच्यामुळे.

हिशोब करून बघा. म्हशीचं १ किलो दूध घ्या. त्यात ७० ग्रॅम फॅट, ९५ ग्रॅम एसएनएफ. फॅट ३ टक्क्यांवर आणायचं तर त्याचं २,३३३ ग्रॅम दूध होतं. पण नुसतं पाणी ओतलं तर एसएनएफ ४ टक्क्यांवर घसरतो, म्हणजे प्रथिनं आणि कॅल्शियमही गेलं. गवळी करतो ते हेच! खुरोडींच्या पद्धतीत पाण्याबरोबर स्किम दुधाची पावडर पडते. सव्वाशेरभर पाणी म्हणा हवं तर, आणि साधारण १०५ ग्रॅम पावडर. एसएनएफ परत साडेआठवर. एका किलोचं सव्वादोन किलोच्या वर दूध, स्वस्त, आणि प्रथिनं जवळजवळ गाईच्या दुधाइतकीच. चाळीतल्या पोराला साय नाही मिळाली, पण हाडांना लागतं ते मिळालं.

मग घोडं कुठे अडलं? तर ही पावडर यायची परदेशातून. आणि इकडे गुजरातेत, आणंदला, हिवाळ्यात म्हशी भरभरून दूध द्यायच्या तेव्हा ते घ्यायला मुंबई तयार नसायची. आयात पावडर स्वस्त पडते म्हटल्यावर खेड्यातलं दूध कोण घेणार? यावर आणंदच्या सहकारी संघाला एकच उत्तर दिसत होतं, जास्तीच्या दुधाची पावडर करायची. पण परदेशी तज्ज्ञांचं म्हणणं, म्हशीच्या दुधाची पावडर होतच नाही. हरिचंद दलाया या पठ्ठ्याने ते मानलं नाही. रंग मारायची स्प्रे गन आणि हवा तापवायचा हीटर घेऊन त्याने ती करून दाखवली, असं कुरियन सांगतात. (आमच्या भाषेत, प्रूफ ऑफ कन्सेप्ट!) ३१ ऑक्टोबर १९५५ ला नेहरूंच्या हस्ते आणंदच्या कारखान्याचं उद्घाटन झालं.

शेतकऱ्याच्या बाजूने बघितलं तर कुरियन यांचा राग मला पटतो. कुरियन यांच्या आत्मचरित्रात खुरोडींबद्दल फारसं गोड काही नाही. पण टोन्ड दुधाच्या कल्पनेला दोष देणं बरोबर नाही. पावडर आपली की परक्याची, हा प्रश्न वेगळा. दलायांच्या यशानंतर हीच युक्ती देशी पावडरवरही चालू शकत होती.

गंमत म्हणजे १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार त्रिभुवनदास पटेल, कुरियन आणि खुरोडी या तिघांना एकत्र दिला गेला. त्या समारंभात शेजारी कोण बसलं होतं, हे जाणून घ्यायला मला आवडेल :)