जोन्स-वायनेट ह्यांची द्वंद्वगीते : एका संग्रहाची साधनचिकित्सा

इतिहासाच्या अभ्यासकाला बखर आणि पत्र ह्यांतील भेद नव्याने सांगावयास नको. पत्र त्या त्या दिवशी लिहिलेले असते. त्याला तिथी असते, आणि पुढे काय घडणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसते. बखर सर्व काही घडून गेल्यावर रचली जाते. रचणाऱ्याला शेवट माहीत असतो आणि त्या शेवटाच्या अनुरोधाने तो मागच्या गोष्टी मांडतो. ध्वनिमुद्रित संगीताच्या साधनांतही हाच भेद आढळतो. एकेका गीताची सुटी तबकडी हे पत्र होय, तर 'ग्रेटेस्ट हिट्स' ह्या नावाने निघणारी संग्रह-तबकडी ही बखर होय. अमेरिकेतील कंट्री संगीताच्या अशाच एका बखरीचा, म्हणजे जॉर्ज जोन्स व टॅमी वायनेट ह्यांच्या एपिक कंपनीने १९७७ साली काढलेल्या द्वंद्वगीतसंग्रहाचा, विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

ही प्रथा फारशी जुनी नव्हे. लांब वाजणारी तबकडी कोलंबिया कंपनीने १९४८ साली बाजारात आणली, आणि त्याच कंपनीचा जॉनी मॅथिस ह्या गायकाचा १९५८ चा संग्रह हा ह्या नावाच्या संग्रहांचा आद्य नमुना समजला जातो. असा संग्रह काढण्यास नवे ध्वनिमुद्रण लागत नाही, वादकांचा खर्च नाही. माल आधीच खपलेला असतो. एपिक ही कोलंबियाचीच भावंड कंपनी. तेव्हा धंद्याच्या दृष्टीने जोन्स-वायनेट ह्यांचा संग्रह निघणे ह्यात नवल नव्हते. नवल आहे ते त्याच्या वेळेचे. तो निघाला तेव्हा ह्या पतिपत्नींचा घटस्फोट होऊन दोन वर्षे झाली होती.

संग्रह सलग ऐकणाऱ्याला गाण्यांच्या तिथी ऐकू येत नाहीत. एक पुरुष आणि एक स्त्री संसार टिकविण्याच्या आणाभाका घेत आहेत, मग संसार मोडल्याची हकीकत सांगत आहेत, आणि हे दोघे खरोखरीचे नवराबायको होते हे त्याला ठाऊक असते. एवढ्यावरून तो एक सरळ चरित्र रचतो : प्रेम, विवाह, कलह, वियोग. सुट्या तबकड्यांच्या तिथी लावून पाहिल्या असता हे चरित्र मात्र ठिकठिकाणी उसवते.

जोन्स व वायनेट ह्यांचा विवाह फेब्रुवारी १९६९ मध्ये जॉर्जिया राज्यातील रिंगगोल्ड येथे झाला. विवाहानंतर त्यांनी लगोलग एकत्र गावयास लागावे ही अपेक्षा साहजिक आहे. परंतु तसे झाले नाही. टॅमी एपिककडे, तर जोन्स म्यूझिकॉर ह्या दुसऱ्या कंपनीकडे करारबद्ध होता. १९७१ साली तो एपिककडे आला तेव्हाच बिली शेरिल ह्या निर्मात्याच्या हाताखाली दोघांच्या जोडगाण्यांना आरंभ झाला. म्हणजे संसार सुरू झाला १९६९ ला आणि संसाराची गाणी सुरू झाली दोन वर्षांनी, करारपत्रांची अडचण दूर झाल्यावर. त्यांचे पहिले लोकप्रिय द्वंद्वगीत 'टेक मी' हे तर जोन्सने विवाहापूर्वीच एकट्याने गाऊन लोकप्रिय केलेले होते. एका पुरुषाचे निवेदन दोघांत वाटून दिले आणि ते दांपत्यगीत झाले.

१९७६ साली लोकप्रियतेच्या कंट्री यादीत अग्रस्थानी पोहोचलेले 'गोल्डन रिंग' हे गीत ह्या बाबतीत अधिक बोलके आहे. गहाणवटीच्या दुकानातली एक अंगठी तरुण जोडपे विकत घेते, त्यांचे लग्न होते, पुढे बिनसते, आणि अंगठी पुन्हा त्याच दुकानात येऊन पडते. मार्च १९७५ मध्ये विभक्त झालेली माणसेच हे गात आहेत, तेव्हा ही त्यांचीच कहाणी असणार असे श्रोत्याने मानले तर त्याला दोष देता येणार नाही. परंतु गीत रचले बॉबी ब्रॅडॉक व रेफ व्हॅन हॉय ह्यांनी, आणि ब्रॅडॉकला त्याची कल्पना सुचली ती हातोहात फिरणाऱ्या एका पिस्तुलावरील दूरचित्रवाणी-नाटकावरून. पिस्तुलाच्या जागी अंगठी आली, एवढेच. ह्या गीताच्या मागोमाग १९७७ च्या आरंभी अग्रस्थानी आलेले 'नियर यू' हे तर १९४७ सालचे. नॅशव्हिलच्या फ्रान्सिस क्रेग ह्याच्या नृत्यवाद्यवृंदाने ते प्रथम देशभर गाजविले. तेव्हा टॅमी पाच वर्षांची होती.

तथापि चरित्र आणि गीत ह्यांचा संबंध सर्वस्वी नाकारणेही योग्य होणार नाही. १९७३ साली टॅमीने घटस्फोटासाठी अर्ज केला आणि मागे घेतला. त्याच वर्षी दोघांनी गायिलेले 'वुई आर गोना होल्ड ऑन' हे अग्रस्थानी गेले, आणि त्याचा एक रचनाकार स्वतः जोन्स होता. येथे पत्र खरोखरीच पत्र आहे. पण ह्याही ठिकाणी एक गंमत आहे. दुसरा रचनाकार अर्ल मॉन्टगमरी हा मेल्बा मॉन्टगमरी हिचा भाऊ; आणि मेल्बा ही जोन्सची आधीची सहगायिका. तिने रचलेले 'वुई मस्ट हॅव बिन आउट ऑफ अवर माइंड्स' हे द्वंद्वगीत तिने व जोन्सने १९६३ मध्येच गाजविले होते. पश्चात्तापदग्ध प्रेमिकांची भूमिका जोन्सला टॅमीच्या सहवासात शिकावी लागली नाही. ती त्याच्या गळ्यात आधीच बसलेली होती.

हा साचा आला कोठून, ह्याचा शोध थोडा मागे नेतो. १९३०च्या दशकात दोघांचे कंट्री गाणे म्हणजे प्रायः दोन भावांचे गाणे. डेलमोर, मनरो ह्या बंधूंच्या गाण्यांत दोन स्वर एकाच वेळी, एकाच शब्दांवर चालतात. माणसे दोन असली तरी बोलणारा एकच असतो. संवादाला तेथे जागा नाही. स्त्रीचा स्वतंत्र आवाज बाजारात खपतो ही गोष्ट १९५२ साली किटी वेल्स हिने सिद्ध केली, आणि तिचे ते गीतही एका पुरुषाच्या गीताला दिलेले उत्तर होते. दोन वर्षांनी तिने रेड फोली ह्याच्याबरोबर गायिलेले 'वन बाय वन' अग्रस्थानी आले. निरनिराळ्या तबकड्यांवरून होणारे उत्तर-प्रत्युत्तर एकाच तबकडीवर आले, असे ह्या प्रकाराचे वर्णन मला अधिक समर्पक वाटते.

आपल्याकडे चित्रपटातील द्वंद्वगीत ऐकताना गाणाऱ्या दोघांचा आपापसांत संसार असेल असे कोणी मानीत नाही. ती जबाबदारी पडद्यावरची पात्रे उचलतात. कंट्री गीताला असा पडदा नाही. गाणाराच पात्र होतो, आणि श्रोता त्याच्या घरात डोकावू लागतो. कॉनवे ट्विटी व लोरेटा लिन ह्यांची १९७१ ते १९७५ ह्या काळात पाच द्वंद्वगीते ओळीने अग्रस्थानी गेली. त्यांतील पहिले विवाहबाह्य प्रेमाविषयीचे होते. दोघांचे संसार वेगळे असूनही त्यांच्याविषयी प्रवाद उठायचे ते उठलेच. पोर्टर वॅगनर व डॉली पार्टन ह्यांचे नाते तर मालक आणि नोकर ह्या प्रकारचे होते. १९६७ साली ती त्याच्या दूरचित्रवाणी-कार्यक्रमात आली, १९७४ साली बाहेर पडली, आणि पुढे प्रकरण न्यायालयात गेले. ह्या जोडीचे एकमेव अग्रस्थानी गेलेले गीत ती बाहेर पडली त्याच वर्षीचे आहे.

ह्या सर्वांच्या आधीचा दाखला कार्टर कुटुंबाचा. १९२७ साली ब्रिस्टल येथे राल्फ पीअर ह्याने ज्यांची गाणी प्रथम मुद्रित केली ते ए. पी. कार्टर, त्यांची पत्नी सारा आणि भावजय मेबेल हे आदर्श ग्रामीण कुटुंब म्हणून प्रसिद्ध होते. सारा १९३३ मध्येच घर सोडून गेली. गाणी मात्र पुढे आठ वर्षे मुद्रित होत राहिली. मोडलेल्या संसाराचे आवाज अखंड ठेवण्याची कला ह्या व्यवसायाला एपिकच्या आधी चाळीस वर्षे अवगत होती.

मग १९७७ चा संग्रह कशाची साक्ष देतो? जोन्स व टॅमी ह्यांच्या घरात काय घडले ह्याची नव्हे. त्यासाठी सुट्या तबकड्या, करार आणि न्यायालयाचे कागदच पाहिले पाहिजेत. परंतु त्या वर्षी श्रोत्यांना त्या घराविषयी काय मानावयाचे होते ह्याची साक्ष त्याच्यासारखी दुसरी नाही. बखरीची चिकित्सा करताना आपण तिला टाकून देत नाही, तिच्या काळाचे साधन म्हणून वाचतो. तोच न्याय येथे लावावा. मात्र एक आक्षेप मी राखून ठेवतो. शेरिलच्या मांडणीत जोडपे एकजीव भासते, पण टॅमीच्या वाट्याला पुष्कळदा जोन्सच्या ओळीवर हुंकार भरण्याचेच काम येते. एकटीने गाताना ती ज्या अधिकाराने बोलते तो येथे क्वचितच दिसतो.

जोडीचे काम त्यानंतरही थांबले नाही. १९८० साली दोघांनी 'टू स्टोरी हाउस' हे गीत गायिले; इंग्रजीत मजला आणि कथा ह्यांचा उच्चार एकच, त्यावर ते बेतलेले आहे, आणि त्याच्या रचनाकारांत टॅमीचे नाव आहे. शेवटचा एकत्र संग्रह १९९५ चा. त्याचे नाव 'वन', म्हणजे 'एक'. तो निघाला तेव्हा दोघेही आपापल्या दुसऱ्या घरी नांदत होते.